कुत्र्यांच्या कोपऱ्याची जनसुनवाई

देवाजी कापगते यांना उभ्या आयुष्यात कोणी मत विचारलं नव्हतं. स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये तशी पद्धतच नव्हती. लालबुंद रूळ समोरून सरसरत यायचा, तो काही कोणाचं मत घेऊन येत नसे. घरी नलूबाई भाजी कोणती करू म्हणून विचारायच्या, पण फोडणी पडल्यावर. असा माणूस रिटायर झाल्यावर एक दिवस उठतो आणि सगळ्या सेक्टरचं मत विचारायला निघतो, तेव्हा काहीतरी विपरीत घडणार हे उघड होतं. ते घडलं, आणि त्याच्या मुळाशी होता बोनस.

बोनस म्हणजे कुत्रा. दुर्गापूजेच्या तोंडावर प्लांटमध्ये बोनस वाटला त्या दिवशी नलूबाईंनी त्याला सिविक सेंटरच्या एका दुकानाच्या पायरीवरून उचलून आणलं, म्हणून बोनस. रंग तपकिरी, एक कान उभा, दुसरा त्याला विचारल्याशिवाय आडवा पडलेला. देवाजींचा कडाडून विरोध होता. "या घरात हा राहील नाहीतर मी," असं ते म्हणाले. त्यावर नलूबाई विचारात पडल्या, आणि जरा जास्तच वेळ पडल्या, हे देवाजींच्या जिव्हारी लागलं होतं. पुढे नलूबाई गेल्या. मुलगा समीर हैदराबादला. आता क्वार्टरमध्ये राहिले ते हे दोघं, ज्यांचं पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं.

पण सकाळचा बगिचा होता. बगिच्याच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीखाली, सेक्टरातली कुत्री मोकळी सुटत आणि त्यांचे मालक कडेला उभे राहत. आंध्रातले रावसाहेब आपला पांढरा झुपकेदार कुत्रा आणत, बँकेतली संघमित्रा तिची धिप्पाड लॅब्राडोर आणे, आणखी दोघंचौघं असत. बोलणं सगळं कुत्र्यांचंच. कोणाला जंत झाले, कोणाला दहीभात मानवला, कोणी सोफा फाडला. देवाजींनी आयुष्यात सोफा घेतला नव्हता, तरी त्या चर्चेत ते हिरिरीने भाग घेत. एकच अडचण होती. स्टील प्लांटच्या गावात बगिच्यात उभं राहून "बोनस! बोनस!" असं ओरडलं की बाकांवरची चार माणसं पेपर खाली करून विचारत, "कब?"

मग हास्य क्लबचं प्रकरण झालं. क्लबचे अध्यक्ष शामसुंदर पौनीकर, हेच सेक्टरच्या नागरिक समितीचेही अध्यक्ष. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ते हसत. एरवी त्यांना हसण्याची आवड नव्हती. एका सकाळी सगळे गोल उभे राहून हात वर करून "हो हो हो" करत असताना बोनस मधोमध जाऊन बसला, मान वर केली आणि त्याने जो सूर लावला, तो पौनीकरांपेक्षा स्वच्छ होता. क्लबचे सदस्य पहिल्यांदाच खरोखरचे हसले. दोघांना खाली बसावं लागलं. पौनीकर मात्र हसले नाहीत, आणि आठवड्याच्या आत बगिच्याच्या फाटकावर पाटी लागली, की कुत्र्यांना साखळीशिवाय आत आणण्यास सक्त मनाई आहे.

कोपरा मोडला. साखळीच धरायची तर बगिच्यापर्यंत कशाला जा, म्हणून जो तो आपापल्या घरासमोर कुत्रं फिरवून आत जाऊ लागला. रस्त्यात कधी रावसाहेब भेटत, पण दोन्ही कुत्री दोन दिशांना ओढत असत. "काय म्हणता, राव—" इथपर्यंत देवाजींचं वाक्य यायचं आणि उरलेलं वाक्य घेऊन बोनस त्यांना पुढच्या खांबाकडे न्यायचा.

एका रविवारी समीरचा फोन आला. देवाजी "हॅलो" म्हणाले तर घशातून नुसती घरघर निघाली.

"बाबा, आवाज बसला का तुमचा? सर्दी झाली?"

"नाही रे," देवाजी खाकरून म्हणाले. "कालपासून काढलाच नोयता."

समीर हसला. त्याला तो विनोद वाटला. देवाजींना ते बोलताना विनोद वाटला नव्हता. आपण खरंच काल सकाळपासून एकाही माणसाशी बोललो नाही हे त्यांना बोलल्यावरच कळलं, आणि त्यांना भीती वाटली. दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून ते ऑफिसात गेले.

बगिच्यांचं काम पाहणाऱ्या त्या ऑफिसात पहिल्या टेबलावर सांगितलं, की कुत्री म्हणजे आरोग्य. आरोग्यवाले म्हणाले, चावलं असेल तर आमच्याकडे. चावलं आहे का? देवाजी म्हणाले, नाही. मग आमचं काही नाही, असं म्हणून त्यांनी जरा नाराजीनेच त्यांना पुढे पाठवलं. तिसऱ्या टेबलावर मिताली नावाची तरुण इंजिनिअर बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. टाकीखालच्या कोपऱ्याला जाळी आणि एक दार लावून द्या, आत कुत्री मोकळी राहतील, बाहेर कोणाला त्रास नाही, एवढंच मागणं होतं. मिताली म्हणाली, "हो जाएगा अंकल. बस, एक बार लोगों से पूछ लीजिए. मैं रविवार को आ जाऊँगी."

तिच्या मनात चार शेजारी आणि एक चहा एवढंच होतं. पण देवाजींनी हा निरोप घरी नेताना वाटेत पुंडलिक हटवारांना सांगितला, आणि तिथे घात झाला.

पुंडलिक हटवार खालच्या क्वार्टरमध्ये राहत. नोकरी क्रेनवर झाली होती, त्यामुळे कोणत्याही गोष्टीकडे वरून पाहायची सवय. त्यांच्याकडे कुत्रा नव्हता, मांजर नव्हतं, पोपटही नव्हता, पण सल्ला कायम असे.

"लोकाइले विचारणं म्हणजे काय, माहीत आहे का तुमाले, देवाजी?" पुंडलिक म्हणाले. "जनसुनवाई! माह्या सासुरवाडीले खदान वाढवाची होती, तवा झाली होती. मंडप, स्टेज, माइक, सगळं. असं दारोदार विचारत फिरसान तर कोणी मानणार नाही. उद्या पौनीकरच म्हणीन, मले नाही विचारलं."

"पण हे तर कुत्र्याचं आहे ना जी."

"मंग? कुत्र्याच्या कामाले इज्जत नाही का?"

देवाजींनी मंडपाचा भाव विचारला. छत्तीसगडात जनसुनवाई म्हणजे काय हे लहान पोरालाही ठाऊक असतं. खाण वाढायची असो की कारखाना यायचा असो, सरकार मंडप घालून लोकांना विचारतं, आणि लोक तिथे एकाच कामासाठी जातात: विरोध करायला. जनसुनवाईला जाऊन 'छान आहे, करा' म्हणणारा माणूस अजून कोणी पाहिलेला नाही. हे दोघांनाही माहीत होतं. पण मंडपाच्या विचारात दोघंही इतके रंगले, की ते ध्यानात आलं नाही.

मग बोर्ड रंगवायचा प्रश्न आला. 'कुत्रा' हा शब्द बोर्डावर घालायला देवाजींचं मन धजेना. प्लांटच्या नोटीसबोर्डापुढे आयुष्य गेलं होतं. कोणतीही गोष्ट सरळ सांगितली तर ती खोटी वाटते असा त्यांचा अनुभव. दोघांनी दुपारभर डोकं लावून मजकूर तयार केला आणि बगिच्याच्या फाटकावर लावला. 'बगीचे की खुली भूमि के भावी उपयोग के संबंध में जनसुनवाई. रविवार, प्रातः. आपत्तियाँ आमंत्रित हैं.' पुंडलिकांनी एक ई-रिक्षाही फिरवली. तिच्या भोंग्यातून 'जनसुनवाई, जनसुनवाई' एवढंच वाजत होतं, कारण पुढचं वाक्य लांब असल्यामुळे रिक्षा तोवर वळण घेई.

बुधवारपर्यंत सेक्टरात बातमी होती की बगिच्यात मॉल येणार. गुरुवारी मॉल मागे पडला आणि बगिच्याला लागून असलेले क्वार्टर पाडणार असं ठरलं. शुक्रवारी किराणा दुकानदाराने देवाजींनाच खालच्या आवाजात सांगितलं, "अंकल, सामान बाँध के रखिए." देवाजी घाबरून घरी आले आणि पुंडलिकांना विचारू लागले, की क्वार्टर खरंच पाडून राहिले का. ही अफवा आपल्याच बोर्डाची आहे हे कळायला त्यांना शनिवार उजाडावा लागला. ते धावत बोर्ड काढायला गेले, तर बोर्डाभोवती बायका उभ्या होत्या आणि एकजण मोठ्याने वाचून दाखवत होती. देवाजी मागच्या मागे परतले.

रविवारी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. सेक्टरातले तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, सगळे एकदिलाने जमले होते, आणि असं ऐक्य दुर्गापूजेतही दिसत नाही. कोणी काळ्या फिती बांधल्या होत्या. शेजारच्या सेक्टरमधूनही माणसं आली होती, कारण आज यांचे पाडतील तर उद्या आमचे. एक हवालदार येऊन "आयोजक कौन है?" असं विचारत फिरत होता आणि पुंडलिक त्याला दरवेळी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला पाठवत होते. मिताली स्कूटीवरून आली, गर्दी पाहिली आणि परत वळायच्या बेतात होती, पण लोकांनी 'मॅडम आल्या' म्हणून तिला उचलल्यासारखं स्टेजवर नेऊन बसवलं.

नव्हते ते फक्त कुत्रेवाले. माइकच्या आवाजाला कुत्री बिचकतात म्हणून रावसाहेब आणि संघमित्रा मंडळी त्या सकाळी आपापली कुत्री घेऊन लांब निघून गेली होती. बोनस स्टेजखाली शिरून बसला होता आणि त्याची शेपटी तेवढी बाहेर होती.

आपत्त्या, म्हणजे हरकती, सुरू झाल्या. पाणी एकवेळच येतं, ही पहिली. दुसरी विजेची. एका गृहस्थांनी रस्त्यावरच्या गायींबद्दल आपत्ती घेतली, एकांनी सुनेबद्दल घेतली. त्यांना लोकांनीच खाली बसवलं. मिताली घाम पुसत एकेकाला सांगत होती, की विषय तो नाही. "तो विषय क्या है?" असं मंडप गरजला, तेव्हा तिने सांगितलं. टाकीखालच्या कोपऱ्यात कुत्र्यांसाठी जाळी लावायची आहे.

एवढे सगळे एवढ्या तयारीने आले होते, आणि विरोध करायला समोर कुत्री. पण आलेल्या माणसाने तसंच परत जायचं हेही बरं नव्हतं. पौनीकर उठले आणि त्यांनी हास्य क्लबच्या अपमानापासून सुरुवात केली. त्यांच्यानंतर मागच्या ब्लॉकच्या सुशीलाबाई लांजेवार उठल्या. मुलगी रेणू रायपूरला लग्न होऊन गेल्यापासून त्या एकट्या राहत. माइक दोन्ही हातांनी धरून त्या म्हणाल्या, "मले कुत्र्याची लय भीती वाटते, लहानपणापासून. बगिच्यातच तर येते मी सकाळी. बाकी दिवसभर कुठं जातो आपण? तिथंही कुत्रे सोडले तर मी कुठं जाऊ?" त्यांना टाळ्या पडल्या. टाळ्यांनी त्या आणखीच घाबरल्या.

"समर्थन में कोई है?" मितालीने विचारलं.

मंडप मागे वळून पाहू लागला. देवाजींनी पुंडलिकांकडे पाहिलं. पुंडलिक हवालदाराला घेऊन कुठे तरी गेले होते. देवाजी एकटेच उठले आणि स्टेजवर गेले. पुंडलिकांनी लिहून दिलेलं भाषण खिशात होतं. त्याची सुरुवात 'श्वान हा मानवाचा' अशी होती. ते काढण्यासाठी त्यांनी खिशात हात घातला, समोर पाहिलं आणि हात तसाच राहू दिला.

"कुत्र्याचं काही नाही जी," ते म्हणाले. हिंदीत बोलायचं होतं, पण घरचंच बाहेर आलं. "बोनस आता बुढा झाला. एका जागी बसवा, बसून राहते. त्याले धावाची काही हौस नाही. हे मी माह्यासाठी मागून राहिलो. तिथं चार माणसं उभे राहत होते, बोलत होते. काही कामाचं नाही, असंच. आता कोणी थांबत नाही. घरी मी आन् तो. परवा पोराचा फोन आला तर माह्या तोंडातून आवाजच निघेना. मले एकटं वाटते जी. लय एकटं वाटते. म्हून जाळी पाहिजे."

बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हे आपण माइकवर बोललो. रेल मिलमधली माणसं बसली होती, ज्यांच्यासमोर त्यांनी कधी डोळ्यात कचरा गेल्याचंही सांगितलं नव्हतं. मराठी न येणारे शेजाऱ्याला अर्थ विचारत होते. मिताली खाली टेबलाकडे पाहत होती.

तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "मतलब, क्वार्टर नहीं टूट रहा?"

"नहीं," मिताली म्हणाली.

"पक्का?"

"पक्का."

"तो लगा दो जाली," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी हात वर केले. काळ्या फिती बांधलेले हातही वर गेले. काही लोक जाताना जरा हिरमुसलेले दिसले.

जाळी लागली. पौनीकरांनी फीत कापली आणि लोकभावनेचा आदर करून आपणच ही मागणी लावून धरल्याचं सांगितलं. फोटो काढताना फोटोग्राफर देवाजींना म्हणाला, "अंकल, थोडा कुत्ता लेके साइड में." देवाजी साइडला झाले. त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. उद्या सकाळपासून कोपरा पुन्हा भरणार होता. रात्री त्यांनी शर्टला इस्त्री केली, आणि कोणाला बसायला लागलं तर असावी म्हणून पलंगाखालची जास्तीची घडीची खुर्ची काढून पुसली.

सकाळी संघमित्रा आली. तिने जाळीचं दार उघडलं, लॅब्राडोरला आत सोडलं आणि देवाजींचा हात हातात घेतला. "अंकल, उस दिन का सब बताया लोगों ने मुझे. मुझे इतना बुरा लगा ना! अब आपको अकेला नहीं लगेगा." आणि दार लावून ती जॉगिंगला गेली.

रावसाहेब आले. त्यांनीही कुत्रा आत सोडला, देवाजींच्या खांद्यावर थोपटलं आणि दूध आणायला गेले. त्यांच्या मागून आणखी कोणी, आणखी कोणी. सगळ्यांनी देवाजींचं दुःख मनावर घेतलं होतं आणि प्रत्येकजण आपल्या परीने एकेक कुत्रा देऊन जात होता. ज्यांची कुत्री पूर्वी कधी कोपऱ्यात आली नव्हती तेही आणून सोडत होते. एक कुटुंब पुरीला चाललं होतं; ते कुत्रा, त्याचं ताट आणि त्याची गोधडी एवढं देऊन गेले आणि देवदर्शनाहून प्रसाद आणू म्हणाले. पुंडलिकही जाळीबाहेरून डोकावले. "पाहा, म्हटलं नोयतं मी? भरला ना कोपरा!" एवढं बोलून तेही गेले, कारण त्यांना कोणाला तरी सल्ला द्यायचा होता.

असं रोज होऊ लागलं. देवाजी खुर्चीवर बसत. दुसरी खुर्ची शेजारी रिकामी असे. तिच्यावर रावसाहेबांचा कुत्रा चढून बसे. देवाजी त्याच्याशी बोलून पाहत, पण तो फक्त तेलुगूला दाद देई. कोणी चुकून भुंकलं की बाहेरून फिरणारे लोक कौतुकाने सांगत, "कापगते अंकल आहेत ना, सगळं बघतात." चांगल्या मनाच्या माणसांवर रागावता येत नाही हा मोठाच त्रास होता. परत घेऊन जा तुमची कुत्री असं म्हणावं तर ती माणसं दुखावली असती. देवाजी कुत्री सांभाळत राहिले. समीरने फोनवर विचारलं, "बाबा, मग आता गर्दी असते ना?" देवाजी म्हणाले, "हो, लय गर्दी."

एका सकाळी जाळीबाहेर सुशीलाबाई उभ्या दिसल्या. पदर दोन्ही हातांत घट्ट धरलेला. देवाजींना वाटलं, तक्रार आली. ते उठून जाळीपाशी गेले.

"काही झालं का बाई? भुंकते का कोणी?"

"नाही जी." त्या आतल्या कुत्र्यांकडे पाहत होत्या. "कुत्रा नसला तर आत येता येते का?"

देवाजींना प्रश्न कळेना. "तुमाले तर भीती वाटते."

"वाटते ना. आताही वाटून राहिली."

"मंग कावून येता?"

सुशीलाबाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही माइकवर बोलले ना, ते सगळं माह्याच घरचं होतं. मले पहिले बोलाले लावलं, मी कुत्र्याचं बोलून बसली."

देवाजी माघारी फिरले. जाळीवर कुत्र्यांच्या साखळ्या अडकवलेल्या होत्या. त्यांनी एकेक काढली. रावसाहेबांच्या कुत्र्याला खुर्चीवरून उतरवून बांधलं. लॅब्राडोरला बांधलं. पुरीच्या पाहुण्याला बांधलं, तो ओरडला तरी बांधलं. मोकळ्या कुत्र्यांच्या त्या कोपऱ्यात, ज्याच्यासाठी मंडप पडला होता आणि हवालदार आला होता, त्यांनी शेवटी बोनसलाही आखूड साखळीने खांबाला अडकवलं. मग त्यांनी खुर्चीवरचे केस रुमालाने झटकले आणि दार उघडलं.

"या, बसा," ते म्हणाले.